काजळी, चिंधी आणि प्रत : कृष्णधवल छायाचित्राचा उलटा प्रवास

मराठीतील 'प्रत' या शब्दाकडे अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे. पोथीची प्रत, पुस्तकाच्या हजार प्रती, दाखल्याची साक्षांकित प्रत या प्रयोगांत त्याचा अर्थ नक्कल किंवा एक नग असा होतो. 'उत्तम प्रतीचा तांदूळ' म्हणताना मात्र तोच शब्द गुणवत्ता सांगतो. नक्कल आणि गुणवत्ता या गोष्टी एरवी परस्परांच्या वैरी मानल्या जातात. त्या एकाच शब्दात सुखाने नांदाव्यात हा भाषेतला योगायोग असेल. परंतु छायाचित्राचा इतिहास वाचताना तो फार उपयोगी पडतो. छायाचित्र ही मुळातच प्रतींची कला आहे आणि त्यातील प्रत्येक प्रतीची 'प्रत' वेगळी असते.

या विचाराला निमित्त झाले ते एका वादाचे. इंकजेट प्रिंटरवर काढलेली कृष्णधवल छायाचित्रे आज कलादालनांत 'आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट' अशा पाटीखाली टांगली जातात, विकली जातात, संग्रहालयांत जतन केली जातात. ज्या जातीच्या यंत्रावर कार्यालयातली परिपत्रके आणि मुलांचे प्रकल्प छापले जातात त्यावर निघालेला कागद ही कलाकृती कशी, असा आक्षेप घेतला जातो. डार्करूममध्ये, रसायनांच्या वासात, लाल दिव्याखाली उमलत जाणारी ती प्रत खरी, आणि बटण दाबून निघते ती नक्कल, असे या आक्षेपाचे स्वरूप असते. तो भावनेच्या पातळीवर समजण्यासारखा आहे. इतिहासाच्या पातळीवर मात्र तो टिकत नाही, असे आमचे म्हणणे आहे. कागदावरचा काळा कशाचा बनलेला आहे, एवढा एकच प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारत गेले, तर हे नवे यंत्र आपल्या सर्वांत जुन्या लेखनसामग्रीकडे परतलेले दिसते. आम्ही हे भिवंडीत, कापडाच्या गावात बसून लिहीत आहोत, याचाही या प्रतिपादनाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

पोथीचा काळा

समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. वर्गात तो बहुधा सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून शिकवला जातो. प्रत्यक्षात ते प्रत तयार करण्याचे एक काटेकोर शास्त्र आहे. बोरू कसे असावेत, शाई कशी असावी, ओळी कशा धराव्यात, हे त्यात येतेच. पण दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने उतरल्यासारखे वाटावे, ही एक अपेक्षा. कागदाच्या चहूबाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे काळाने कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, ही दुसरी. पहिली अपेक्षा सातत्याची आहे, दुसरी दीर्घायुष्याची. आजचा छापचित्रकार चित्राभोवती रुंद पांढरी कड सोडतो, तेव्हा हात लागणे, चौकट घासणे, कड फाटणे यांपासून तो चित्राला असाच वाचवीत असतो.

या पोथ्यांची काळी शाई प्रामुख्याने काजळीची. दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ खलायची, गाळायची. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही, हवेशी सहसा संयोग पावत नाही. कागद पिवळा पडतो, कसर लागते, पाने ठिसूळ होतात. पण अक्षर काळेच राहते. या शाईचा दुबळेपणा एकच, आणि तो म्हणजे पाणी. डिंक विरघळला की काजळी निघून जाते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या निघाल्या या आख्यायिकेतील चमत्काराचे वजन, पाणी लागताच अक्षर पुसले जाते हे रोज पाहणाऱ्या समाजाला जितके कळले असेल तितके ते आपल्याला कळणे कठीण आहे.

कागदाचीही गोष्ट अशीच. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही कागदी कारागिरांची नावाजलेली ठिकाणे. जुने कापड, ताग, दोर, गोणपाट यांचा लगदा करून हाताने उचललेला हा कागद. मराठेशाहीच्या दप्तरांतील पुष्कळसा व्यवहार अशा हातकागदावर झाला. चिंधी आणि काजळी, म्हणजे टाकून दिलेले वस्त्र आणि जळून उरलेला अंश, या दोन टाकाऊ गोष्टींवर आपला लिखित वारसा उभा आहे.

चांदीचा काळा

१८३९ साली युरोपात छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि काळ्याची घटकद्रव्ये बदलली. कागदावर उमटणारे चित्र आता चांदीच्या सूक्ष्म कणांचे होते. ही विद्या मुंबईत लवकर पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते, आणि नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ चालवला. १८५६ ते १८५८ या काळात निघालेल्या 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' या प्रकाशनात मूळ छायाचित्रे एकेक करून चिकटवलेली असत. म्हणजे छपाईचे युग आले तरी छायाचित्राची प्रत पोथीसारखी एकेक करूनच तयार होत होती.

पण चांदीत एक उणीव होती. देवघरातली चांदीची भांडी हवेतील गंधकाने काळवंडतात हे आपण जाणतो. छायाचित्रातील चांदीचे अतिसूक्ष्म कण मात्र त्याच क्रियेने पिवळट, फिकट होत जातात. हायपो नीट धुतला गेला नाही तर ऱ्हास आतूनच सुरू होतो. छायाचित्रण पंधरा-सोळा वर्षांचे होते तोच, १८५५ साली, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला छायाचित्रे का उडतात याचा शोध घेण्यासाठी समिती नेमावी लागली. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा प्रश्न अधिकच तीव्र होता.

या चिंतेला त्याच काळात मिळालेले एक उत्तर आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. फ्रान्समध्ये आल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये विकसित केलेली कार्बन प्रक्रिया हे ते उत्तर. जिलेटिनमध्ये काजळी मिसळायची, बायक्रोमेटने त्याला प्रकाशाची जाणीव द्यायची, आणि निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरायचे. जिथे प्रकाश पडेल तिथे जिलेटिन घट्ट होते; उरलेले कोमट पाण्यात धुऊन जाते. मागे राहते ते काजळीचे चित्र. प्रकाशाने काढलेले चित्र कायम करायचे तर पुन्हा दिव्याच्या काजळीकडेच जावे लागते, हे एकोणिसाव्या शतकाने ओळखले होते. प्रक्रिया वेळखाऊ आणि अवघड होती, म्हणून ती सर्वसामान्य व्यवहारातून मागे पडली. चांदी स्वस्त आणि सोपी ठरली.

याच काळात दीर्घायुष्याची गरज कोणाला भासत होती, हेही पाहिले पाहिजे. १८६८ ते १८७५ या वर्षांत आठ खंडांत प्रसिद्ध झालेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा प्रकल्प सरकारी आश्रयाचा. त्यातील माणसे जात, जमात, धंदा यांचे नमुने म्हणून येतात. बहुसंख्यांना नाव नाही. त्यांची प्रत टिकली, पण ती त्यांची स्वतःची नव्हती. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

ठिपक्यांचा काळा

छायाचित्र हजारोंच्या संख्येने पोचवायचे तर ते छापखान्याच्या शाईत उतरवणे भाग होते. छापखान्याची शाई करड्या छटा जाणत नाही. ती असते किंवा नसते. त्यावर हाफटोनची युक्ती निघाली. चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायचे. दाट ठिपके काळे दिसतात, विरळ ठिपके करडे. करडा रंग कागदावर नसतोच, तो वाचणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो.

महाराष्ट्रात या विद्येशी निगडित असलेले सर्वांत परिचित नाव म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्याआधीचे फाळके हे छपाईचे आणि छायाचित्रणाचे माणूस होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, छायाचित्रकाराचा व्यवसाय त्यांनी केला, लोणावळ्यात एनग्रेव्हिंगचा कारखाना काढला. तोच पुढे मुंबईत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. १९०९ मध्ये ते छपाईची यंत्रे पाहण्या-घेण्यासाठी जर्मनीला गेले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मागे हा ठिपक्यांच्या आणि ब्लॉकच्या विद्येचा अनुभव उभा आहे. 'मनोरंजन'सारख्या मासिकांनी मराठी वाचकाला आपल्या लेखकांचे चेहरे दाखवले तेही याच तंत्राच्या जोरावर. लेखकाला चेहरा मिळाला तो ठिपक्यांचा. प्रती हजारो झाल्या, आणि त्यांची प्रत उतरली.

मूळ छायाचित्राची प्रत मात्र डार्करूममध्येच निघत राहिली. स्टुडिओतले लोक तिला 'ब्रोमाइड' म्हणत. निगेटिव्ह एकच असले तरी कोणत्या कागदावर, किती सेकंद, कुठे हात आडवा धरून उजेड अडवायचा आणि कुठे जास्त द्यायचा, यावर प्रत ठरे. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे गायन, ही अॅन्सेल अॅडम्स यांची उपमा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बंदिशीचे उदाहरण देता येईल. देवीदास बागूल यांनी टिपलेले मराठी साहित्यिकांचे चेहरे किंवा सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरील छायाचित्रे यांत रंग नसणे ही उणीव ठरत नाही. काळ्या-करड्याच्या श्रेणीतच तिथे अर्थ घडतो.

या जगाचा आर्थिक पाया विसाव्या शतकाच्या अखेरीस खचला. उटकमंडचा सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना, ज्याच्या 'इंदू' छापाच्या फिल्म आणि कागद देशभर वापरले जात, तो तोट्यात जाऊन अखेर बंद पडला. २००४ मध्ये इंग्लंडची इलफर्ड कंपनी आर्थिक संकटात सापडली, २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गावोगावचे स्टुडिओ त्याआधीच रंगीत प्रयोगशाळांकडे वळले होते. जुनी निगेटिव्हे कुठे रद्दीत गेली, कुठे चांदी काढण्यासाठी विकली गेली.

काजळीचे पुनरागमन

शाईचा थेंब उडवून रेषा काढण्याची कल्पना तशी जुनी. १९५१ मध्ये सीमेन्सच्या स्वीडनमधील शाखेत रून एल्मक्विस्ट यांनी पेटंट मिळवलेले यंत्र हृदयाच्या ठोक्यांसारखे संकेत कागदावर आलेखून दाखवी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान आणि अमेरिकेत शाई तापवून बुडबुड्याच्या दाबाने थेंब उडवण्याचे तंत्र सापडले. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट बाजारात आला.

कलेत त्याचा प्रवेश वेगळ्या वाटेने झाला. ऑफसेट छपाईआधी नमुना पाहण्यासाठी बनवलेले आयरिस नावाचे महागडे यंत्र गायक ग्रॅहम नॅश यांनी स्वतःच्या कृष्णधवल छायाचित्रांसाठी वापरात आणले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' सुरू केले. तिथल्याच जॅक ड्युगन यांनी या छापांना 'जिक्ले' हे नाव दिले. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ पिचकारी उडवणे असा आहे. नाव भारदस्त झाले, पण शाई कच्ची होती. ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे 'डाय'ची. तिचे छाप उजेडात काही वर्षांतच फिके पडत. घरोघरच्या प्रिंटरचेही तेच. शाहिस्तेखानाच्या काळातले पत्र काळे कुळकुळीत आणि गेल्या गॅदरिंगचा फोटो गुलाबी, अशी विचित्र परिस्थिती त्या वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.

कृष्णधवल चित्राला आणखी एक अडचण होती. प्रिंटर करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाया मिसळून तयार करी. तो करडा वेगवेगळ्या उजेडात कधी हिरवट तर कधी किरमिजी दिसे. केवळ काळी शाई वापरावी तर हलक्या छटांत ठिपके विरळ पडून चित्र वर्तमानपत्री दिसू लागे. हाफटोनचे दुखणे शंभर वर्षांनी असे पुन्हा समोर उभे राहिले.

त्यावरचा उपाय वरकरणी साधा आहे. प्रिंटरमधील रंगीत शाया काढून टाकायच्या आणि त्या जागी काळ्याच्याच पातळ-दाट पायऱ्या भरायच्या. अमेरिकेतील जॉन कोन यांची २००० साली आलेली 'पीझोग्राफी' ही पद्धत या दिशेचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते. फिकट छटांसाठी विरळ ठिपके टाकण्याऐवजी पातळ शाईचे दाट ठिपके टाकले की कागद सलग करडा दिसतो. २००५ मध्ये एप्सननेही काळा, फिकट काळा आणि अतिफिकट काळा अशा तीन शाया एकत्र देणारी प्रणाली आणली, आणि हे तंत्र सामान्य छायाचित्रकाराच्या टेबलावर आले.

या शाया 'पिगमेंट'च्या, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांच्या. काळ्या शाईतला तो कण कार्बनचा, औद्योगिक रीतीने धरलेल्या काजळीचा. तो अतिसूक्ष्म दळून राळेच्या आवरणात गुंडाळलेला असतो. डिंकाच्या जागी राळ, बोरूच्या जागी केसाहून बारीक छिद्र, आणि खलबत्त्याच्या जागी कारखाना, एवढाच फरक. काजळी बसते, साकळते, छिद्र तुंबवते. म्हणून यंत्र रोज चालवावे लागते, शाई हलवावी लागते. दौत हलवून मग बोरू बुडवणाऱ्या लेखनिकाला हे काही नवे वाटले नसते. बटण दाबले की चित्र निघते हाही गैरसमजच आहे. चांगली प्रत काढणारा आधी करड्या छटांची पट्टी छापतो, ती पूर्ण वाळू देतो, छटा मोजतो, त्या विशिष्ट कागदासाठी शाईचे प्रमाण ठरवतो. डार्करूममधल्या हाताचे कौशल्य इथे नाहीसे होत नाही; ते छपाईच्या क्षणाआधी सरकते.

चिंधीचा कागद

आता भिवंडी. उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांच्या हातमागांवर वाढलेले हे गाव विसाव्या शतकात यंत्रमागांचे शहर झाले. मुंबईच्या गिरण्यांतून बाद झालेले माग इथल्या गाळ्यांत पुन्हा चालू लागले. इथे कापड विणले जाते, आणि कापडाबरोबर चिंधी निघते.

कलाछापांसाठी सर्वांत मानाचा समजला जाणारा कागद सुती असतो. 'रॅग' हे त्याचे नाव चिंधीवरूनच आले. आज तो बहुधा सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंपासून बनतो. पण गुण तोच. लाकडाच्या लगद्यात असणारे लिग्निन कापसात जवळजवळ नसते, त्यामुळे हा कागद सहजी पिवळा पडत नाही. जर्मनीतील १५८४ सालापासून चालत आलेल्या हानेम्यूले गिरणीचा सुती कागद जगभरचे छायाचित्रकार मागवतात. आपल्याकडेही ही परंपरा अगदी खंडित नाही. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय राज्यघटनेची वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिलेली हिंदी हस्तलिखित प्रत पुण्याच्या हातकागदावर आहे.

मात्र इथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, नाहीतर साम्याच्या मोहात आपण फसू. एक, भिवंडीची चिंधी आज सरसकट कापसाची नाही. पॉलिस्टरच्या मिश्रणामुळे तिचा कागद होणे अवघड झाले आहे. दोन, इंकजेटचा सुती कागद नुसता कापूस नसतो. थेंब पसरू नये म्हणून त्यावर सिलिकासारख्या द्रव्यांचा पातळ थर दिलेला असतो, आणि कधी अधिक पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायने. ही रसायने कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. थर घासला तर खपली निघते. प्रयोगशाळांत तीव्र प्रकाशाखाली चाचण्या घेऊन या छापांना शंभर वा अधिक वर्षांचे आयुष्य वर्तवले जाते. ते अनुमान आहे. पोथीचे चारशे वर्षांचे आयुष्य हा अनुभव आहे. काजळी आणि कापूस परीक्षेत उतरलेले आहेत; त्यांच्यामधला नवा थर अजून उतरायचा आहे.

पुष्पिका

साहित्याच्या अभ्यासकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येईल. आमच्या मते कर्तव्य थेट आहे. आपण पाठचिकित्सा शिकवतो. एका ग्रंथाच्या अनेक प्रती, त्यांतील पाठभेद, लेखनिकाचा हात, कागद-शाईवरून काळ ठरवणे ही आपली विद्या आहे. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण 'फोटो' म्हणून मोकळे होतो. पाठ्यपुस्तकातील एखाद्या लेखकाचे छायाचित्र ही कितव्या प्रतीची प्रत आहे, मूळ ब्रोमाइड कुठे आहे, त्यात कोणत्या छटा होत्या आणि छपाईत कोणत्या बुडाल्या, हे विचारत नाही. डिजिटल फाइल आल्यावर तर प्रतींना अंतच राहिला नाही, आणि म्हणूनच कागदावर उतरवलेल्या एका चांगल्या प्रतीचे मोल वाढले आहे. फाइल उघडायला यंत्र लागते. कागद पाहायला उजेड पुरतो.

पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिका लिहीत असे. ही प्रत कोणी, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या शकात लिहिली, हे त्यात येई. चुकीबद्दल क्षमाही मागितली जाई. छायाचित्राच्या छापामागे अशी पुष्पिका असावी असा आमचा आग्रह आहे : काढणाऱ्याचे नाव, काढल्याचे वर्ष, छापल्याचे वर्ष, शाई, कागद, आणि सर्वांत आधी, चित्रातल्या माणसाचे नाव. 'द पीपल ऑफ इंडिया'तल्या माणसांना ते मिळाले नाही. यंत्रमागाच्या शहरांत आजही मागावर उभ्या असलेल्या कामगाराचे छायाचित्र बहुधा 'यंत्रमाग कामगार' एवढ्याच ओळखीने छापले जाते. गाळे बंद होत आहेत, त्या जागी गोदामे येत आहेत; ज्या जुन्या स्टुडिओंत या माणसांनी लग्नाचे, ईदचे, दिवाळीचे फोटो काढून घेतले तेही मिटत आहेत. घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत उरलेली ब्रोमाइडे पावसाळ्यागणिक फिकी होत आहेत.

ती स्कॅन करून काजळीच्या शाईने सुती कागदावर उतरवण्याचे साधन आज एखाद्या महाविद्यालयाच्या विभागाला किंवा गावच्या वाचनालयाला आवाक्यातले आहे. शाई टिकेल, कागदही बहुधा टिकेल. पण मागे नाव लिहिले नाही, तर शंभर वर्षांनी तो उत्तम प्रतीचा छाप हाती घेणाऱ्याला एक अनोळखी चेहरा तेवढा दिसेल. पेट्या उघडून, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे लिहून घेण्याचे काम प्रिंटर करू शकत नाही. ते आपल्या विद्यार्थ्यांना करता येईल, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच करता येईल.